जात्याखालच्या सोळा नोटा

खैरवाडीत विजेची गिरणी येऊन सहा वर्षे लोटली होती, तरी नागुबाई रोज सकाळी मूठभर ज्वारी जात्यात घालून दळत असे. बायका हसत. गिरणीवाला म्हणे, म्हातारीला माझ्या गिरणीचा राग आहे. नागुबाई कोणाला उत्तर देत नसे. रोज फिरणारे जाते कोणी उचलून बाजूला ठेवत नाही, आणि न उचललेल्या जात्याखाली काय आहे हे कोणाला कळत नाही, एवढाच तिच्या दळण्याचा अर्थ होता.

जात्याखाली हातभर खोल खड्डा होता. त्यात सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये गुंडाळलेला पत्र्याचा डबा. डब्याच्या वरच्या थरात नऊ वर्षांच्या मजुरीतून उरलेले पैसे, आणि अगदी तळाशी पिवळ्या चिंधीत बांधलेल्या दहा-दहाच्या सोळा नोटा. वरच्या थरात कधी भर पडे, कधी त्यातून काही निघे. चिंधीची गाठ मात्र बहात्तरच्या दुष्काळापासून एकदाही सुटलेली नव्हती.

बाई साठीला आलेली, पण कणा ताठ. दुष्काळात तलावाच्या कामावर खडी फोडणाऱ्या शंभर बायांची टोळी तिने सांभाळली होती, आणि हजेरी मांडणारा मुकादमही तिला विचारल्याशिवाय कोणाचा खाडा लावीत नसे. ती गल्लीतून निघाली की ओट्यांवर पसरलेले पाय आपोआप आवरले जात. अशी ही बाई जगात एकाच वस्तूला भीत असे, आणि ती वस्तू म्हणजे सरकारी कागद.

त्या भीतीला कारण होते. निजामाच्या राज्यात तिच्या बापाने आयुष्यभराची चाकरी हाली शिक्क्यात, म्हणजे निजामी रुपयांत, घेतली होती. चांदीच्या नाण्यांना वजन, म्हणून त्याने ती बदलून हैदराबादच्या नोटा घेतल्या आणि भिंतीच्या कोनाड्यात लिंपून ठेवल्या. राज्य गेले. नोटा अमुक तारखेच्या आत बदलून घ्या, अशी दवंडी तालुक्याला पिटली गेली; ती पांदीच्या या टोकापर्यंत पोचेस्तोवर तारीख उलटून गेली होती. बापाने भिंत फोडली तेव्हा आत नोटा जशाच्या तशा होत्या. एकही फाटली नव्हती, एकीलाही कसर लागली नव्हती, आणि एकीचेही मीठसुद्धा येत नव्हते. त्या दिवसापासून नागुबाईने मनाशी गाठ मारून ठेवली, की सरकार बदलले की कागद मरतो.

मुलगा भीमा आणि सून सुमन वर्षाचे आठ महिने धर्माबादेत मिरचीच्या अडतीवर कामाला असत. नात पंचशीला आजीपाशी राहून शिकली. एकोणऐंशी साली, नववीत असताना, एके दिवशी ती शाळेतून आली आणि चुलीपुढे बसता बसता म्हणाली, "आज्जे, बहात्तर साली दहा रुपयांत किती ज्वारी यायची?"

नागुबाईने आकडा सांगितला. असे आकडे ती झोपेतही विसरली नसती.

"आणि आता?"

नागुबाईने तोही सांगितला. निम्म्याहून कमी होता.

"मग डब्यातल्या नोटा तेवढ्याच हायेत, आणि त्यांची ज्वारी मात्र निम्मी झाली. डबा तर बंद हाय. कोण खाऊन राहिलंय?"

"कोण्या डब्यातल्या?" नागुबाईने कडक आवाजात विचारले.

"गिरणी असताना जातं कोण ओढतं, आज्जे? मी काय लहान हाय का?"

दुसऱ्या दिवशी पोर शाळेत गेल्यावर तिने जाते सरकवले, डबा काढला, वरच्या थरातल्या नोटा उजेडाला धरून पाहिल्या. वाळवी नव्हती, उंदराचा दात नव्हता. तरी पोरीचे बोलणे खरे होते. बंद डब्यात, ट्यूबच्या घट्ट वेढ्याच्या आत कोणीतरी बसून खात होते, आणि ते डोळ्यांना दिसत नव्हते. दिसणाऱ्या चोराला नागुबाईने कुऱ्हाडीच्या दांड्याने हाणले असते. या न दिसणाऱ्याचे काय करावे, ते तिला सुचेना.

म्हणून ती पोस्टात गेली. पोस्ट म्हणजे व्यंकटराव मास्तरांच्या घराचा पुढचा ओटा, एक लाकडी पेटी आणि भिंतीवरची पाटी. पाटी लागण्यापूर्वी त्या ओट्यावर नागुबाईच्या वस्तीतल्या माणसाने कधी पाय ठेवला नव्हता. ती चढली ती पाटीकडे बघत चढली आणि एक-एकच्या पाच नोटा पुढे केल्या.

"एवढेच?" व्यंकटराव म्हणाले.

"एवढेच."

खाते निघाले, अंगठा उमटला, पासबुक मिळाले. नवव्या दिवशी ती पुन्हा ओट्यावर उभी राहिली.

"माझे पैसे द्या."

"नागुबाई, खाते चालू ठेवण्यापुरते काही ठेवावे लागते. आणि पेरलेलं आठव्या दिवशी कोणी उकरून बघतं का?"

"पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात भिजवून बघतात, मास्तर. किती उगवले ते मोजतात, मगच बी रानात नेतात. तुमच्या वडिलांनी बी तेच केलं असंल."

व्यंकटराव हसले. त्यांनी खात्यापुरते ठेवून तीन रुपये दिले. नागुबाईने ते उलटेसुलटे करून पाहिले.

"ह्या माझ्या नोटा न्हाईत. माझ्या नोटांचे कोपरे फाटलेले होते."

"तीच नोट कशी परत येईल? ती गेली तालुक्याला."

"मग मी दिलेली कुठं हाय?"

"कुठंही असंल. कोणाच्या तरी खिशात. तुम्हाला तेवढ्याच किमतीची मिळाली ना?"

नागुबाईला ते पटायला महिना लागला. तिच्या मते वस्तू सांभाळायला देणे म्हणजे तीच वस्तू परत मिळणे. शेजारणीकडे कोंबडी ठेवली तर तिने दुसरीच कोंबडी आणून द्यावी, ही कसली रीत? पण गोणपाटातला दाणा उगवला होता, हे खरे. महिन्याने तिने पाच भरले. पुढच्या महिन्यात पाच. मग दहा. दर तीन महिन्यांनी ती थोडेसे काढून पाही, पैसे जिवंत आहेत की नाही ते. शेळी विकली त्या वर्षी तिने एकदम दोनशे भरले आणि तीन दिवस जेवली नाही. अशी पावलापावलाने साडेतीन वर्षांत सहाशे चाळीस रुपयांची रक्कम पासबुकात जमली. तिने मनोमन वाटणी ठरवली: पुस्तकातले पंचशीलेचे, जात्याखालचे दुष्काळाचे.

एका गोष्टीला मात्र तिने कधी होकार दिला नव्हता. व्याज मांडून घेण्यासाठी पासबुक वर्षातून एकदा अहमदपूरच्या मोठ्या पोस्टात पाठवावे लागे. "पुस्तक माझ्या हातातून जाणार न्हाई," असे तिने तीन वर्षे ठणकावले. ब्याऐंशीच्या श्रावणात पंचशीलेने गळ घातली. नांदेडला सरकारी दवाखान्यात परिचारिकेच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. अनामत, गणवेश आणि खानावळीचे आगाऊ मिळून साडेचारशे रुपये पंचवीस ऑगस्टच्या आत भरायचे होते. "काढायचेच हायेत तर व्याज मांडून घेऊ, आज्जे. तेवढीच एक साडी येईल." नातीच्या शब्दापुढे म्हातारी नमली. डाक वाहणारा सटवाजी पासबुक पिशवीत घालून पायवाटेने निघून गेला आणि नागुबाईच्या हातात बोटभर पावती उरली.

त्या वर्षी पावसाने मृगाला तोंड दाखवले आणि मग पाठ फिरवली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली. विहिरीवर रांगा लागल्या. लोक हळू आवाजात बोलू लागले, आणि जाणती माणसे बहात्तरचे नाव घेईनाशी झाली. नाव घेतले की ते घरात येते, असे त्यांना वाटे. आणि अशातच सोळा ऑगस्ट उजाडला.

शेषेरावाच्या किराणा दुकानात रेडिओ होता. नागुबाई मीठ घ्यायला गेली तेव्हा दुकानापुढे दहा-बारा माणसे जमली होती.

"ऐकलं का, नागुबाई?" शेषेराव तराजू तोलत म्हणाला. "आजपासून आपण उस्मानाबादचे न्हाई. लातूर जिल्हा झाला. अमदपूर, उदगीर, समदं लातूरकडं."

"मग?"

"मग काय, कचेऱ्या बदलतील, शिक्के बदलतील. उस्मानाबादचे कागद आता उस्मानाबादला." तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून डोळा मिचकावत म्हणाला, "जुन्या शिक्क्याचं काय बाकी असंल कोणाचं, तर बगून घ्या बाबा."

माणसे हसली. नागुबाई हसली नाही. तिच्या पासबुकावर गोल शिक्का होता आणि पंचशीलेने तो तिला वाचून दाखवला होता: खैरवाडी, खाली अहमदपूर, त्याखाली उस्मानाबाद. मिठाची पुडी हातात तशीच धरून ती तडक मास्तरांच्या ओट्यावर गेली.

"माझं पुस्तक आलं का?"

"अजून न्हाई. तिथं ढीग पडला असंल. येईल."

"जिल्हा बदलला म्हणून?"

"पोस्टाला जिल्ह्याशी काय करायचंय?" मास्तर म्हणाले; पण पुढे स्वतःशीच पुटपुटले, "तसं नक्की सांगता येत न्हाई म्हणा. वरून काही कागद आला न्हाई अजून."

तेवढे पुरे झाले. वरून कागद येणार, तो तालुक्याला थांबणार, तारीख उलटणार. हे सगळे तिने एकदा पाहिलेले होते. तेव्हा बापाजवळ निदान नोटा तरी होत्या, मुलांना पतंग करायला. तिच्याजवळ बोटभर पावती होती.

दोन दिवस ती ओट्यावर जाऊन परत आली. तिसऱ्या दिवशी दुपारी, पंचशीला विहिरीच्या रांगेत असताना, तिने दार लावून घेतले आणि जाते सरकवले.

विचार सरळ होता. पुस्तक बुडाले तर बुडाले; डब्यात पाचशेच्या वर होते. साडेचारशे काढावेत, पोरीच्या हातावर ठेवावेत, तिला नांदेडच्या गाडीत बसवावे. तिने ट्यूब सोडली, झाकण काढले, नोटांवर हात ठेवला. मग नजर बाहेर गेली. दाराच्या फटीतून दिसणारे आभाळ पांढरेफेक होते. आणि तिच्या मनात एक वाक्य उमटले: उद्या याहून वाईट दिवस आला तर?

हात नोटांवर तसाच राहिला. मिटला नाही, उघडलाही नाही.

ते वाक्य नवे नव्हते. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, कंधारकडच्या तलावाच्या कामावर, पालात निजलेल्या नवऱ्याच्या उशाशी बसून तिने हेच वाक्य म्हटले होते. लिंबाजीला हगवण लागली होती. म्हैस विकून आलेले एकशे साठ रुपये डब्यात होते. पाच रुपये फेकले असते तर बैलगाडी मिळाली असती, कंधारला डॉक्टर होता. पहिल्या दिवशी ती म्हणाली, उतरेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, उद्या याहून वाईट दिवस आला तर लेकरांच्या तोंडात काय घालू? तिसऱ्या दिवशी उजाडताच तिने गाडी सांगितली. गाडी नाल्यापाशी पोचली तेव्हा लिंबाजीचा हात गार पडला होता, आणि डबा तिच्या मांडीवर होता, भरलेला. गाडीवानाने पैसे घेतले नाहीत. सोळा नोटा सोळाच राहिल्या.

आज पुन्हा हात उघडत नव्हता. जिल्ह्याचे, शिक्क्याचे भय एका बाजूला राहिले. नागुबाईला आता स्वतःच्या हाताचेच भय वाटू लागले.

दार ढकलून पंचशीला आत आली. खांद्यावर घागर, पदर ओला. आजी जमिनीवर, जाते बाजूला, डबा मांडीवर. पोर जागच्या जागी थांबली. तिला पिवळी चिंधी दिसली. घागर उतरवून ती उभी राहिली.

"उद्या अमदपूरला जायचं," नागुबाई म्हणाली. तिने झाकण लावले. "पावती घे संगं."

अहमदपूरच्या पोस्टात जाळीच्या मागे एक कारकून बसला होता. त्याने पावती पाहिली, मागच्या टेबलावरच्या गठ्ठ्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "आठवड्याने या. समद्या तालुक्याची पुस्तकं आली आहेत."

"आठवड्यात पंचवीस तारीख निघून जाते, साहेब," पंचशीला म्हणाली.

"मग मी काय करू?"

नागुबाई जाळीपाशी सरकली. "तुम्ही जेवून घ्या," ती शांतपणे म्हणाली. "मी इथंच बसते. तुम्ही जेवून आलात की शोधा. न्हाई सापडलं तर उद्या बसते. मला कुठं जायचं न्हाई."

कारकुनाने वर पाहिले. त्या आवाजात विनंती नव्हती. तो जेवणाचा डबा घेऊन उठला.

दोघी पायऱ्यांवर बसल्या. समोर रस्त्यावर एक माणूस दुकानाच्या पाटीवरचे 'उस्मानाबाद' पांढऱ्या रंगाने पुसत होता. नागुबाई त्याच्या कुंचल्याकडे एकटक बघत होती. बघता बघता ती बोलू लागली. पाल, म्हैस, तीन दिवस, नाला, सगळे तिने एका सुरात सांगितले, जसे टोळीतल्या बायांच्या हजेरीची नावे घ्यावीत. शेवटी म्हणाली, "पैसे होते. मी दिले न्हाईत. काल बी हात उघडला न्हाई, पोरी."

पंचशीलेने फडक्यातली भाकर सोडून आजीपुढे ठेवली.

"त्या नोटा तशाच हायेत?"

"तशाच."

"चालतात त्या अजून," पंचशीला म्हणाली. आणि मग, थोड्या वेळाने, "भाकर खा, आज्जे. सकाळपासून पोटात काही न्हाई."

कारकून जेवून आला. तिसऱ्या गठ्ठ्यात पुस्तक सापडले. नागुबाईने ते जाळीतून पाहिले आणि हात पुढे केला. पण इतक्यात कारकून म्हणाला, "पैसे काढायचे तर अंगठा उमटवा, आणि बाईला ओळखणारा एक माणूस आणा. आमच्या ओळखीचा पाहिजे."

अंगठा उमटला तो नुसता निळा डाग. खडी फोडून फोडून रेषा कधीच झिजल्या होत्या. कारकुनाने पुस्तकातला जुना डाग आणि हा डाग शेजारी शेजारी धरले, आणि नागुबाईला वाटले, आता हा म्हणणार की ही बाई ती नव्हे. साठ वर्षे जगून आपण आपणच आहोत हे सांगायला साधन उरले नव्हते.

"अक्का, तुम्ही इथं?"

मागच्या दारातून सटवाजी आत येत होता. पाठीवर डाकेची पिशवी, पायांत टायरच्या चपला.

"ओळखतोस का रे हिला?" कारकुनाने विचारले.

"यांना?" सटवाजी म्हणाला. "साहेब, यांनी मला त्र्याहत्तरला कामावरून हाकललं होतं. दोन घमेली कमी टाकली म्हणून. मी मेलो तरी विसरायचा न्हाई."

कारकून पहिल्यांदा हसला. सटवाजीने सही केली. कारकुनाने पुस्तक उघडून तीन वर्षांचे व्याज मांडले, बेरीज केली आणि वाचून दाखवली. "सहाशे ब्याण्णव रुपये चाळीस पैसे."

"माझे सहाशे चाळीस हायेत," नागुबाई म्हणाली.

"हे बावन्न रुपये चाळीस पैसे व्याज."

"ते माझे न्हाईत. मी भरले न्हाईत. दुसऱ्या कोणाचे चढले असतील."

"बाई, ते तुमचेच."

"फुकट कोणी देत न्हाई," नागुबाई म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात खरेच भीती होती. नको असलेला पैसा घरी नेला आणि उद्या ज्याचा त्याने मागितला, पोलीस आला, तर? नवा जिल्हा, नवे साहेब. जुना हिशेब पहिल्यांदा गरिबाच्या दारातच उकरला जातो. "साडेचारशे द्या, बाकीचे माझे तिथंच राहू द्या. हे जास्तीचे काढून टाका."

कारकून कपाळाला हात लावून बसला. पंचशीला समजावू लागली, की पोस्टाने तुझे पैसे वापरले, त्याचे हे भाडे; पण म्हातारी मान हलवत राहिली. शेवटी सटवाजी म्हणाला, "साहेब, ते सहा वर्षांचं बचतपत्र असतं ना, मधी हात लावता येत न्हाई ते?"

"असतं. पन्नासचं बी असतं. सहा वर्षांनी दुप्पट होतं."

नागुबाईने कान टवकारले. "सहा वर्षं कोणालाच काढता येत न्हाईत?"

"नाही."

"मला बी न्हाई?"

"तुम्हालाबी नाही."

"आणि सहा वर्षांत कोणी हे आपले म्हणून मागायला आला, तर ते इथंच सापडतील?"

"सापडतील."

"मग पन्नास त्यात घाला," नागुबाई म्हणाली. "ज्याचे असतील तो येऊन नेईल. सहा वर्षांत न्हाई आला, तर मग माझे."

अशा रीतीने खैरवाडीतल्या नागुबाईने आपले पहिले बचतपत्र घेतले, ते दुसऱ्याच्या पैशाची राखण म्हणून. पत्र पंचशीलेच्या नावावर लिहिले गेले. साडेचारशे रुपये पंचशीलेने ओटीत बांधले. नागुबाईने त्यातली एकही नोट हातात घेतली नाही. तिला आपल्या हाताची खात्री नव्हती.

चोवीस तारखेला पंचशीला नांदेडला गेली. गाडी कंधारच्या रस्त्याला वळेपर्यंत नागुबाई फाट्यावर उभी राहिली. उन्हात रस्त्याचे डांबर लकाकत होते. घरी येऊन तिने दार उघडे ठेवले, जाते सरकवले, डबा काढला. आभाळ तसेच पांढरे होते. वाईट दिवस येणार असेल तर तो या कोरड्या आभाळाच्याच वाटेने येणार, हे तिला स्पष्ट दिसत होते. तळाची पिवळी चिंधी तिने बाहेर काढली. गाठ सुटेना, दहा वर्षांत ती दगड झाली होती. नागुबाईने ती दातांनी सोडवली. नोटांना रबराचा वास येत होता. त्यातली एक तिने काढली आणि उरलेल्या पंधरा पुन्हा बांधल्या.

व्यंकटराव ओट्यावर पेटी आवरत होते.

"या, नागुबाई. पोर गेली का?"

"गेली."

तिने नोट पुढे केली, पण सोडली नाही. मास्तरांनी दुसऱ्या टोकाला धरली. क्षणभर नोट दोघांच्या बोटांमध्ये ताणून राहिली.

"फाटंल," व्यंकटराव म्हणाले.

"ही परत येणार न्हाई ना, मास्तर? हीच?"

व्यंकटरावांना तीन वर्षांपूर्वीची फाटक्या कोपऱ्याची नोट आठवली आणि ते चेष्टा करणार होते. पण त्यांनी म्हातारीचा चेहरा पाहिला.

"न्हाई, बाई. दुसरी येईल. ही न्हाई."

नागुबाईने बोटे उघडली. आधी अंगठा, मग तर्जनी. नोट मास्तरांच्या पेटीत गेली, पासबुकावर आकडा चढला, शिक्का पडला. शिक्क्यात अजून उस्मानाबादच होते. नागुबाईला ते वाचता येत नव्हते, पण आकार ओळखीचा होता; शिक्का जुनाच आहे, हे तिला कळले.

"पुढच्या वर्षी पुस्तक अमदपूरला कधी जाणार?" तिने विचारले.

"एप्रिलात पाठवू."

"मला आधी सांगा," नागुबाई म्हणाली. "सटवाजीच्या संगं मी बी चालत जाते."